नाशिकहून दोघांची सागरी सहल : मुंबई-गोवा क्रूझ आणि परतीच्या आधीची मुंबई

नाशिकरोड ते मुंबई हे अंतर रेल्वेने सुमारे १९० किलोमीटर आहे, आणि सकाळची गाडी पकडली तर त्याच दिवशी दुपारी जहाजावर पाय ठेवता येतो. त्यामुळे नाशिकच्या जोडप्याला क्रूझची सहल विमानप्रवासाविना, पाच-सहा दिवसांत आटोपता येते. आम्ही पतिपत्नींनी ही सहल दोनदा केली. पहिल्या वेळी जे चुकले आणि दुसऱ्या वेळी जे जमले, त्यावरून हा लेख लिहिला आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो. मुंबई पाहण्याचे दिवस जहाजाच्या आधी नव्हे, तर नंतर ठेवावेत. अनेक जण दोन दिवस आधी मुंबई गाठतात, उन्हातान्हात पायपीट करतात, थकलेल्या अंगाने जहाजावर चढतात आणि जहाज परतले की त्याच दुपारची गाडी धरून घरी येतात. हा क्रम उलटा करावा. जहाज कोणासाठी थांबत नाही. मुंबईत पाय मुरगळला, पोट बिघडले किंवा मुक्काम लांबला तर संपूर्ण सहलीचे पैसे बुडतात. याउलट परतताना जहाजाला काही तास उशीर झाला तरी हाती दोन दिवस असले की काहीच बिघडत नाही. शिवाय समुद्रावरून उतरल्यावर एखादा दिवस डोके हलके-हलके डोलत राहते, आणि तशा अवस्थेत लगेच कसारा घाटातून प्रवास करणे काही जणांना त्रासाचे जाते.

महिना कोणता निवडावा

पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर हा पावसाळ्याचा काळ क्रूझसाठी बंद समजावा. ऑक्टोबरपासून हंगाम सुरू होतो आणि मे महिन्यापर्यंत चालतो, परंतु समुद्र सर्वांत शांत असतो तो नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात. दिवाळीची सुट्टी, नाताळ आणि ३१ डिसेंबर या दिवसांत भाडे चढते आणि जहाजावर गर्दीही फार असते. दोघांना निवांतपणा हवा असेल तर जानेवारीचा दुसरा पंधरवडा किंवा फेब्रुवारीतील आठवड्याचे मधले दिवस पाहावेत. आपल्याकडच्या द्राक्षबागायतदारांना मात्र हे महिने सोयीचे नाहीत, कारण तेव्हा बागेत काढणीची धांदल असते. त्यांच्यासाठी काढणी संपल्यानंतरचे आणि एप्रिलच्या खरड छाटणीआधीचे मोजके दिवसच उरतात. तेव्हा किनाऱ्यावर उकाडा असतो, पण समुद्र सहसा खवळलेला नसतो.

जहाज, मार्ग आणि खोली

मुंबईहून देशांतर्गत प्रवाशांसाठी २०२१ पासून कॉर्डेलिया क्रूझेसचे 'एम्प्रेस' हे जहाज चालवले जात आहे. हे जहाज १९९० साली बांधले गेले. सहलींचे साधारणपणे तीन प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारात जहाज केवळ समुद्रात फिरून मुंबईला परतते, दुसऱ्यात गोव्याला थांबून येते, आणि तिसऱ्यात लक्षद्वीप किंवा कोचीपर्यंत जाते. पहिल्यांदा जाणाऱ्या जोडप्याने गोव्याचा थांबा असलेली सहल घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. केवळ समुद्रात फिरून येणारी सहल जहाजावरच्या करमणुकीपुरती उरते. लक्षद्वीपला मोठे जहाज खोल पाण्यात उभे राहते आणि लहान होडीतून बेटावर जावे लागते, त्यामुळे समुद्राची सवय नसलेल्यांनी ती दुसऱ्या खेपेसाठी ठेवावी. वेळापत्रक हंगामागणिक बदलते, म्हणून आरक्षणाआधी एक गोष्ट नक्की पाहावी : जहाज गोव्यात किती वाजता लागते आणि किती वाजता सुटते. त्या दोन वेळांमध्ये किमान सात-आठ तास नसतील, तर गोवा पाहिल्यासारखे होत नाही.

खोली निवडताना बहुतेकांचे लक्ष बाल्कनीवर असते, पण लक्ष द्यावे ते खोलीच्या जागेवर. लाटांवर जहाज सी-सॉच्या फळीसारखे हलते. टोकांना हेलकावा जास्त आणि मध्यभागी सर्वांत कमी. तसेच जितके वर जावे तितका डोलण्याचा झोका वाढतो. म्हणून खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या लांबीच्या मधोमध असलेली खोली सर्वांत सुखाची असते. पहिल्या सहलीत आम्ही हौसेने वरच्या मजल्यावरची, पुढच्या टोकाची खोली घेतली आणि पत्नीची पहिली रात्र फार हालाची गेली. दुसऱ्या वेळी खालची, बंद खिडकीतून समुद्र दिसणारी खोली घेतली. भाडेही कमी पडले आणि झोपही लागली. बिनखिडकीची आतली खोली सर्वांत स्वस्त असते, परंतु तिथे दिवस-रात्र कळत नाही, आणि दोघांच्या सहलीत सकाळी डोळे उघडताच समुद्र दिसण्याचे सुख थोडे अधिक पैसे देण्याजोगे आहे. आरक्षण करतानाच 'एकत्र जोडलेला पलंग हवा' असे सांगून ठेवावे, कारण काही खोल्यांत दोन वेगळे पलंग किंवा वर-खाली बर्थ असतात.

जाहिरातीतली रक्कम ही संपूर्ण रक्कम नसते, हे लक्षात ठेवावे. मूळ भाड्यावर बंदर शुल्क, सेवा शुल्क आणि कर येतात. जेवण भाड्यात धरलेले असते, पण मद्य, काही विशेष उपाहारगृहे, वायफाय, स्पा आणि किनाऱ्यावरच्या सहली यांचे पैसे वेगळे पडतात. आमच्या पहिल्या खेपेस आरक्षण करून देणाऱ्याने फक्त मूळ भाडे सांगितले आणि पैसे भरताना आकडा बराच वाढला. म्हणून 'दोघांचे, सर्व शुल्कांसह, अंतिम' अशा शब्दांत लेखी आकडा मागावा आणि रद्द केल्यास किती पैसे परत मिळतात तेही त्याच कागदावर घ्यावे.

आरक्षणाचा क्रम आणि कागदपत्रे

आधी जहाज, मग रेल्वे, मग मुंबईतील हॉटेल असा क्रम ठेवावा. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. जहाज तीन-चार महिने आधी ठरवले असेल तर जाण्याच्या आणि येण्याच्या अशा दोन्ही गाड्यांची आरक्षणे खुली होण्याच्या तारखा दिनदर्शिकेवर लिहून ठेवाव्यात. पंचवटी एक्सप्रेसची तिकिटे शनिवार-रविवारला लागून असलेल्या दिवशी लवकर संपतात.

देशांतर्गत सहलीसाठी भारतीय नागरिकाला पारपत्राची सक्ती नसते. आधार किंवा मतदार ओळखपत्रासारखे सरकारी छायाचित्र ओळखपत्र पुरते, मात्र ते मूळ हवे. येथे नवविवाहितांनी विशेष काळजी घ्यावी. लग्नानंतरचे नाव हौसेने तिकिटावर घातले जाते आणि आधारवर माहेरचे नाव असते. तिकिटावरील नाव आणि ओळखपत्रावरील नाव अक्षरशः एकच असावे, नाहीतर बंदराच्या दारातच अडचण येते. सहलीच्या काही दिवस आधी ऑनलाइन चेक-इन करावे लागते; त्यानंतर मिळणारा बोर्डिंग पास छापून घ्यावा, कारण बंदराच्या फाटकावर मोबाइलची बॅटरी संपलेली असणे परवडत नाही.

सामान

मोठी बॅग धक्क्यावरच ताब्यात घेतली जाते आणि तुमच्या खोलीत पोहोचायला काही तास लागू शकतात. म्हणून रोजची औषधे, चष्मा, ओळखपत्रे, चार्जर आणि संध्याकाळचा एक जोड खांद्यावरच्या लहान पिशवीत ठेवावा. इस्त्री, विजेची किटली, चाकू, लायटर, कापूर, उदबत्ती आणि मेणबत्ती यांना जहाजावर मज्जाव असतो. आग हा जहाजावरचा सर्वांत मोठा धोका मानला जातो, त्यामुळे या बाबतीत सवलत मागू नये. ज्यांची रोजची पूजा असते त्यांनी लहान तसबीर न्यावी आणि दिवा-उदबत्तीविना नमस्कार करावा. बाहेरचे खाद्यपदार्थही सहसा आत नेऊ देत नाहीत, तेव्हा चिवडा-लाडूंचे डबे घरीच राहू द्यावेत. शाकाहारी आणि जैन जेवण जहाजावर मिळते, फक्त ते आरक्षणाच्या वेळी नोंदवावे. कपड्यांमध्ये एक शाल किंवा पातळ स्वेटर हवाच, कारण आत वातानुकूलन बोचरे असते आणि रात्री वरच्या डेकवर वारा थांबत नाही. ओल्या डेकवर घसरणार नाहीत असे बूट आणि सपाट चपला न्याव्यात.

बोट लागण्याबद्दल

'बोट लागणे' हा शब्द कोकणात पिढ्यान्‌पिढ्या रुळला आहे. नाशिककराला घाटात गाडी लागत असेल, तर समुद्रावरही तो त्रास होण्याचा संभव अधिक असतो, कारण मूळ कारण एकच आहे. आतील कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय मेंदूला 'आपण हलत आहोत' असे कळवते, आणि बंद खोलीतील स्थिर भिंतींकडे पाहणारे डोळे 'आपण स्थिर आहोत' असे सांगतात. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. म्हणून उपाय खोलीत पडून राहण्यात नाही. वर मोकळ्या हवेत यावे, जहाजाच्या मध्यभागी उभे राहावे आणि दूरच्या क्षितिजावर नजर ठेवावी; डोळ्यांनाही हालचाल दिसू लागते आणि दहा-पंधरा मिनिटांत बरेच बरे वाटते. मोबाइलवर वाचत बसणे पूर्ण टाळावे.

गोळी घ्यायची असेल तर ती मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग होत नाही. जहाज सुटण्याआधीच घ्यावी लागते. कोणती आणि किती घ्यावी हे नाशिकहून निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावे, विशेषतः रक्तदाब, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर आणि गर्भावस्थेत. यांतील काही गोळ्यांनी झोप येते आणि त्यांच्याबरोबर मद्य घेणे धोक्याचे असते. आल्याचा तुकडा किंवा आवळासुपारी तोंडात ठेवल्याने माझ्या पत्नीला आराम पडला. पोट रिकामे ठेवू नये आणि पहिल्या रात्री तेलकट जेवण घेऊ नये. गर्भवतींना ठराविक महिन्यांनंतर जहाजावर प्रवेश देत नाहीत, तेव्हा तो नियम आरक्षणाआधी वाचावा.

निघण्याचा दिवस

जहाजावर चढण्याची वेळ बहुधा दुपारची असते. सकाळची पंचवटी धरली तर ती अकराच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचवते, आणि जहाज जिथून सुटते तो बॅलार्ड पिअरचा धक्का तिथून जेमतेम दीड किलोमीटर आहे. वेळ पुरेसा असतो, पण फार नसतो. साठीच्या पुढच्या जोडप्यांनी, किंवा चढण्याची वेळ दुपारी दोनच्या आत असलेल्यांनी, आदल्या दिवशीच मुंबई गाठून स्थानकाजवळ झोपावे. त्या रात्रीचा खर्च मनःशांतीसाठी झाला असे समजावे. मोटारीने जाणार असाल तर जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो, परंतु आमणेपासून पुढे भिवंडी-ठाण्याची कोंडी टळत नाही आणि चार-पाच दिवस गाडी कुठे उभी करायची हा प्रश्न उरतो. दोघांसाठी रेल्वेच बरी.

बंदरात सामानाची तपासणी, ओळखपत्रांची पडताळणी आणि छायाचित्र असे टप्पे होतात. जहाजावर गेल्यावर एक कार्ड मिळते. तेच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र आणि त्यावरच सर्व खर्च नोंदला जातो. त्यानंतर सुरक्षेचा सराव होतो. तो कंटाळवाणा समजून टाळू नये. २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे जहाज उलटले तेव्हा नुकत्याच चढलेल्या अनेक प्रवाशांचा सराव झालेला नव्हता; त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलून जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी सराव बंधनकारक झाला. सात आखूड आणि एक लांब भोंगा म्हणजे आणीबाणीची हाक, एवढे दोघांनीही पाठ करावे आणि आपली जमण्याची जागा खोलीपासून एकदा चालत जाऊन पाहावी.

मोबाइल 'एअरप्लेन मोड'वर टाकावा. किनारा दूर गेला की नेहमीचे नेटवर्क जाते आणि जहाजावरील उपग्रहाधारित सेवेला फोन आपोआप जोडला गेला तर महागडे बिल येऊ शकते. घरी आधीच सांगून ठेवावे की इतके तास संपर्क होणार नाही. वृद्ध आई-वडील घरी असतील तर जहाज कंपनीचा संपर्क क्रमांक त्यांच्याजवळ लिहून द्यावा.

जहाज सुटताना खोलीत राहू नये. कुलाब्याचे टोक मागे पडते, पश्चिमेला, म्हणजे जहाजाच्या उजव्या बाजूला, सूर्य उतरू लागतो आणि डाव्या बाजूला अलिबागचा किनारा दूर राहतो. तिथेच समुद्रात खांदेरी आहे. या किल्ल्याचे बांधकाम छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये हाती घेतले, आणि त्यावर आज दीपगृह आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत आपल्या बागलाणातील साल्हेर आहे आणि या किनाऱ्यावरील खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग हेही आहेत. रात्री जहाज किनाऱ्यापासून दूर चालते, त्यामुळे हे किल्ले प्रत्यक्ष दिसण्याची अपेक्षा धरू नये. तरीही सह्याद्रीच्या माथ्यावरच्या साल्हेरवर उभे राहिलेल्या माणसाने त्याच राज्याच्या सागरी सीमेवरून एक रात्र प्रवास करावा, याचे मला मोल वाटते.

गोव्यातील दिवस

जहाज मुरगावच्या बंदरात, वास्कोजवळ लागते. येथून पणजी सुमारे तीस किलोमीटरवर आहे, आणि उत्तरेकडचे प्रसिद्ध समुद्रकिनारे त्याहून बरेच पुढे. म्हणून कळंगुट-बागाचा हट्ट सोडावा. आमचा क्रम असा होता : सकाळी थेट जुने गोवे, तिथे बॉम जीझस बॅसिलिका आणि समोरचे से कॅथेड्रल, मग फोंडा तालुक्यात म्हार्दोळ आणि मंगेशी, जेवण पणजीत, दुपारी फोंतेन्हासच्या गल्ल्यांतून अर्धा तास चालणे आणि परत. जुन्या गोव्यातील चर्च १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. मंगेशीला जाणार असाल तर अंगभर कपडे घालावेत.

टॅक्सीचे भाडे बसण्याआधी, सर्व ठिकाणांची नावे घेऊन आणि परतीसह ठरवावे. जहाज सुटण्याच्या वेळेकडे न पाहता 'शेवटचा प्रवासी आत येण्याची वेळ' पाहावी. ती आधीची असते. त्याही दोन तास आधी पणजी सोडावी. जहाजाने नेलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा वाट पाहते, स्वतःच्या टॅक्सीने गेलेल्यांची पाहत नाही.

उतरणे आणि मुंबईचे दोन दिवस

शेवटच्या रात्री मोठी बॅग खोलीबाहेर ठेवायची असते. सकाळचे कपडे आणि औषधे त्यात जाऊ नयेत. त्याच रात्री स्वागतकक्षात जाऊन खर्चाचे बिल छापून घ्यावे आणि ओळ-ओळ तपासावे, कारण सकाळी तिथे रांग असते.

मुक्काम फोर्ट किंवा कुलाब्यात घ्यावा. पहिला दिवस हलका ठेवावा. हॉटेलात सामान टाकून झोप घ्यावी आणि दुपारी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पाहावे. १९२२ मध्ये लोकांसाठी खुली झालेली ही वास्तू वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांची, आणि १९२४ मध्ये पूर्ण झालेले गेटवे ऑफ इंडियाही त्यांचेच. दोन्ही ठिकाणे चालण्याच्या अंतरावर असल्याने संध्याकाळ गेटवेवर घालवता येते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच घारापुरी. सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून जहाज कोणत्या वारी परतते हे पाहूनच आरक्षण करावे. गेटवेहून होडीला सुमारे एक तास लागतो. डिसेंबर २०२४ मध्ये या मार्गावर मोठी दुर्घटना झाली होती. लाइफ जॅकेट अंगात घालूनच बसावे, शेजारी ठेवू नये. वर जायला शंभराहून अधिक पायऱ्या आहेत, गुडघे दुखत असतील तर सावकाश चढावे. पांडवलेणी पाहत वाढलेल्या नाशिककराला येथे फरक चटकन जाणवतो : आपल्याकडे भिक्षूंच्या निवासाची साधी, नेटकी बौद्ध लेणी आणि लांबलचक शिलालेख, येथे शिवाच्या कथांनी भरलेल्या भिंती आणि अंधारातून समोर येणारी पाच मीटरहून उंच त्रिमुखी मूर्ती. त्या मूर्तीपुढे किमान पंधरा मिनिटे शांत उभे राहावे.

दुपारनंतर मेट्रोचा उपयोग करावा. आरे ते कफ परेड ही भुयारी मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण खुली झाली आहे, त्यामुळे हुतात्मा चौकातून गिरगाव किंवा सिद्धिविनायकला जाणे गर्दीतही सोपे झाले आहे. सिद्धिविनायकला मंगळवार टाळावा. गिरगावात मराठी पद्धतीचे जेवण मिळते आणि तिथून चौपाटी व मरीन ड्राइव्ह जवळ आहेत.

परतीचा दिवस

सकाळी हॉटेल सोडून सामान टर्मिनसच्या क्लोकरूममध्ये ठेवावे. तिथे बॅगांना कुलूप आणि हातात प्रवासाचे तिकीट लागते. मग मोकळ्या हाताने महात्मा जोतिबा फुले मंडईत, म्हणजे जुन्या क्रॉफर्ड मार्केटात, खरेदी करावी. टर्मिनसची इमारत २००४ पासून जागतिक वारसा आहे. आपण नाशिककर तिच्यातून नेहमी घाईने बाहेर पडतो, या वेळी रस्त्यापलीकडे उभे राहून ती पाहावी.

पंचवटी संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास सुटते. अर्धा तास आधी क्लोकरूममधून सामान सोडवावे, कारण त्या वेळी तिथे रांग असते. रात्रीचे जेवण बरोबर घ्यावे. कसाऱ्याला गाडी थोडी थांबते, घाट चढण्यासाठी मागून जादा इंजिने जोडली जातात. तो वेळ पाय मोकळे करण्यास बरा, पण फलाटावर फार दूर जाऊ नये. नाशिकरोडहून घरी नेण्यासाठी ओळखीच्या रिक्षाचालकाला इगतपुरी आली की फोन करावा. आणि पुढील दोन आठवडे कार्डाच्या खात्यावर नजर ठेवावी : जहाजाने सुरुवातीला अडवून ठेवलेली अनामत रक्कम मोकळी होण्यास काही दिवस लागतात, ती झाली की नाही हे छापून आणलेल्या बिलाशी ताडून पाहावे.